नऊ सेकंदांचं शून्य

फाउंड्रीत भाच्याला दोनशे मामा होते, पण खरा एकच. झालं असं, की आईच्या माघारी ज्या मामानं त्याला वाढवलं, डिप्लोमा होईपर्यंत शिकवलं आणि मग साहेबांच्या मागे लागून कामाला चिकटवलं, त्याला तो पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत ‘मामा’ म्हणून हाक मारून बसला. दुसऱ्या दिवसापासून सगळी फाउंड्री त्या म्हाताऱ्याला मामा आणि याला भाचा म्हणायला लागली. हजेरीच्या कार्डावर दोघांची नावं होती, पण ती कार्डापुरतीच.

मामाचं काम साचे बंद करायचं. ओतकामाचा साचा म्हणजे वाळू ठासून भरलेल्या दोन लोखंडी पेट्या, एक खालची आणि एक वरची. वरची पेटी क्रेननं उचलून खालचीवर अलगद टेकवायची, मग आत वितळलेलं लोखंड ओतायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण वरच्या पेटीचं वजन दोन टन, आणि मधे वाळूचा कण जरी राहिला तरी फट पडते, फटीतून लोखंड बाहेर येतं आणि साच्यावरची सगळी मेहनत भंगारात जाते. म्हणून शेवटच्या चार बोटांवर पेटी थांबवायची. मामा खाली वाकून तिच्या कडेवर एक नजर टाकायचा, थांबली अशी खात्री झाली की उजवा हात आत घालायचा आणि कडेवरचे कण बोटांनी पुसून काढायचा. लांब दांड्याचा ब्रश त्याला दिलेला होता. “ब्रशला कळतं होय, कण गेला की राहिला ते?” असं म्हणून त्यानं तो खिडकीला टेकू म्हणून लावून टाकला होता.

टांगलेल्या वजनाखाली हात घालू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मामाच्या हातानं भंगार निम्म्यावर आलं होतं, म्हणून साहेबांनी नियमच वाकवून भिंतीवर लिहून ठेवला होता: ‘लोड पूर्ण थांबल्यावरच हात घालावा.’ लेखी नियम झाला, की सगळे सुटले.

त्यात आणखी एक खोड होती. पेटी थांबवताना ब्रेक लावायचा नाही. ब्रेक खाडकन बसतो, पेटीला हिसका बसतो, वाळू झडते. तेव्हा ब्रेक उघडा ठेवून निव्वळ मोटरच्या जोरावर दोन टन अधांतरी धरून ठेवायचे. हे जमायचं ते मोटरच्या टोकाला बसवलेल्या एन्कोडरमुळं. वस्तू मुठीएवढी, पण मोटर केसभर फिरली तरी ती ड्राइव्हला सांगायची, आणि ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज मापून देणारं ते भिंतीवरचं कपाट, तिला जागच्या जागी आवरायचं. या कपाटाची देखभाल भाच्याकडे होती.

एका सोमवारी सकाळी सातला एन्कोडर मेला. नवीन यायला बुधवार उजाडणार होता.

“एन्कोडरशिवाय चालते ना ही ड्राइव्ह?” साहेबांनी विचारलं. “विकणारा तर छाती ठोकून सांगत होता.”

“चालते, पण...”

“पण काय?”

पण बरंच काही होतं, आणि ते भाच्याला पक्कं ठाऊक होतं. एन्कोडर नसला की ड्राइव्ह मोटरच्या विजेवरून तिच्या वेगाचा अंदाज बांधते. शेजारच्या खोलीत माणूस ताडताड चालत असला तर तो कुठं चाललाय ते भिंतीआडूनही कळतं. तोच मोजे घालून हळू सरकायला लागला, तर आपल्या कानात आपलाच श्वास तेवढा ऐकू येतो. मोटरचंही तसंच. ती जवळजवळ थांबली की तिच्याकडून येणारी खूण इतकी बारीक होते, की विजेला होणारा तारांचा स्वतःचा विरोधच तिला झाकून टाकतो. तो विरोध किती, हे ड्राइव्हला आधी मोजून द्यावं लागतं. आणि तारा तापल्या की तो वाढतो. ड्राइव्हच्या पुस्तकात याच्यासाठी काळी चौकट होती: ही मोजणी मोटर कामाच्या तापमानाला आल्यावर करावी, आणि ब्रेकशिवाय लोड धरून ठेवण्यासाठी ही पद्धत वापरू नये. भाच्यानं ती चौकट एकदा नाही, दहादा वाचली होती.

“दोन दिवसांचा तर प्रश्न आहे,” साहेब म्हणाले. “साडेसातला पाळी सुरू होते. बोल, चालेल का?”

“चालेल,” भाचा म्हणाला.

का म्हणाला? कारण ‘चालेल’ म्हणणाऱ्याला कुणी परत प्रश्न विचारत नाही. नोकरीची सहा वर्षं त्यानं अशीच वेळ मारून नेली होती आणि प्रत्येक वेळी खरंच चाललंही होतं. त्यानं थंडगार मोटरवर मोजणी केली, फॉर्मवर ‘कामाचे तापमान’ या शब्दांपुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली. मग एक पेटी टांगून दहा मिनिटं पाहिली. तसूभर हलली नाही.

तेवढ्यात मामा हात पुसत आला. “काय भाचेबुवा, उठलं का तुमचं पेशंट?”

“उठलं मामा. बिनधास्त चालवा.”

दुपारपर्यंत सव्वीस साचे बंद झाले. पावणेतीनला सत्ताविसावी पेटी चार बोटांवर आली. क्रेनवाला पेटीच्या पलीकडे बटणांचा डबा हातात धरून उभा होता, त्याला अलीकडचं काही दिसत नव्हतं. मामा “थांब” म्हणाला, त्यानं बटण सोडलं. मामानं कडेवर नजर टाकली. पेटी थांबलेली होती. त्यानं हात आत घातला आणि मान वाकवून कण शोधायला लागला. थांबलेल्या पेटीकडे पुन्हा पाहायचं त्याला काही कारण नव्हतं.

भाचा तेव्हा ड्राइव्हच्या खोलीत होता. त्यानं जो आवाज ऐकला तो मामाचा आहे हे त्याला आधी कळलंच नाही, कारण मामाला ओरडताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो धावत आला तेव्हा क्रेनवाल्यानं पेटी वर घेतली होती, आणि मामा खालच्या पेटीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवला होता. मनगटाच्या पुढं जे होतं त्याला हात म्हणवत नव्हतं. मामा सारखं एकच म्हणत होता, “थांबली होती रे. थांबली होती.”

त्याला गाडीत घालून नेल्यावर भाच्यानं क्रेनवर चढून मोटरवर तळवा ठेवला आणि चटका बसून काढून घेतला. मग तारांचा विरोध मोजला. सकाळपेक्षा पावपट जास्त भरला. मीटर खिशात घालून तो खाली उतरला.

ड्राइव्हच्या पोटात सगळी नोंद राहते. कधी काय वेग होता, कुठलं बटण दाबलं, सगळं. साहेबांनी त्याच संध्याकाळी ती नोंद भाच्याकडून छापून घेतली. कागदावर वेगाची रेघ खाली उतरत आली होती, पावणेतीन वाजून दहा सेकंदांना शून्यावर टेकली होती आणि पुढची नऊ सेकंद शून्यावरच सरळ गेली होती. मग वर.

“हे बघ,” साहेब म्हणाले. “नऊ सेकंद पेटी जागची हललेली नाही. म्हणजे हात आधीच आत होता. पेटी हातावर येऊन थांबली आणि क्रेनवाला घाबरून नऊ सेकंद नुसता बघत राहिला.”

“मी ओरडल्याबरोबर बटण दाबलं साहेब,” क्रेनवाला रडकुंडीला येऊन म्हणाला.

“घाबरलेल्या माणसाला नऊ सेकंद कळत नाहीत. आकडे काय खोटं बोलणार आहेत?”

आकडे खोटं बोलत होते. एन्कोडर नसताना ते शून्य कुणी मोजलेलंच नव्हतं. ड्राइव्हला वाटलं शून्य, म्हणून तिनं लिहिलं शून्य. थंड मोटरचा हिशोब मनात धरून ती तापलेल्या मोटरकडे बघत होती, आणि दोन टनांची पेटी तिच्या नाकाखालून सरकून गेली तरी तिला पत्ता नव्हता. हे त्या खोलीतल्या तिघांपैकी एकालाच माहीत होतं. त्यानं कागदाची घडी करून साहेबांच्या हातात दिली.

चौथ्या दिवशी सरकारी तपासणी अधिकारी आले. सज्जन माणूस, सगळं टिपून घेत होते. “तशीच पेटी तशीच टांगून दाखवा,” म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते आणि क्रेन तीन दिवस बंद होती. भाच्यानं पेटी टांगली, बाजूला एक पट्टी उभी केली, तिच्यावर खडूनं खूण केली. दहा मिनिटं सगळे त्या खुणेकडे बघत उभे राहिले. पेटी दगडासारखी स्थिर.

“साहेब, हिच्यावर आधी सात तास काम करा आणि मग टांगा.” एवढंच वाक्य होतं. भाच्याच्या जिभेवर ते तयार होतं. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे वळून विचारलंही, “यंत्राबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?” त्याला फॉर्मवरची ती खूण आठवली आणि तिच्याखालची आपली सही. पोलीस आठवले. बायकोचा चेहरा आठवला. “नाही,” तो म्हणाला.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं: यंत्रात दोष नाही, कामगाराची घाई.

खाई त्याला खवखवे. बुधवारी आलेला एन्कोडर भलत्याच मापाचा निघून परत गेला होता, आणि क्रेन तर निर्दोष सुटली होती, म्हणजे ती तशीच चालवायची. भाच्यानं कुणाला न सांगता ड्राइव्हमध्ये ब्रेक चालू करून ठेवला. दोन दिवसांत चार साचे भंगारात गेले. साहेब खवळले. “खुद्द अधिकाऱ्यांनी सोडलंय तिला, तुझं काय घोडं अडलंय?” भाच्यानं ब्रेक परत काढून टाकला. इतका नीच तो आयुष्यात कधी वागला नव्हता, आणि हे त्याला काढतानाच कळत होतं. मामाच्या जागेवर आता मामानंच शिकवलेला एकजण पेट्या पुसत होता. भाच्यानं त्याला ब्रश वापर म्हणून सांगून पाहिलं, तर तो हसून म्हणाला, “मामांचा चेला आहे मी. ब्रश कसला देतोस?”

अकराव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाचा दवाखान्यात गेला. आधीही रोज जायचा, पण मामा झोपेत असेल अशी वेळ साधून. आज मामा उशाला टेकून बसला होता. उजवा हात मनगटाच्या वर संपत होता, त्यावर पांढरी पट्टी. मामी खाटेच्या कडेला बसून त्याला भात भरवत होती. मामाच्या नाकावर कोरा करकरीत चष्मा होता, आणि त्यातून तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बघत होता.

“ये,” मामी म्हणाली. “बघ तुझ्या मामाचं काय चाललंय. जेवायचं सोडून मिनिटकाटा बघत बसतात.”

“तो सरकताना दिसतो का ते बघतोय,” मामा म्हणाला. “एकदा दिसतो, एकदा नाही. डॉक्टरांना म्हटलं, डोळे तपासा. त्यांनी किरकोळ नंबर काढला. पण किरकोळ कसा असेल? पेटी चालू होती आणि मला थांबलेली दिसली, याला काय किरकोळ म्हणायचं?”

भाचा स्टुलावर बसला. 

“हात गेला ते ठीक आहे,” मामा म्हणाला. “माझ्या चुकीनं गेला, कुणाला दोष नाही. परवा साहेबांचा माणूस आला होता कागद घेऊन, त्यावर अंगठाही देऊन टाकला, डाव्या हाताचा. पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. चाळीस वर्षांत मी अकरा जणांना हे काम शिकवलं. सगळ्यांना एकच सांगितलं, कडेवर नजर टाका, थांबली असं दिसलं की हात घाला. आता माझीच नजर खोटी निघाली, म्हणजे मी त्यांना काय शिकवलं? काल मामीकडून सगळ्यांना फोन करून सांगितलं, माझं ऐकू नका बाबांनो, म्हाताऱ्याला कधीपासून दिसत नव्हतं कुणास ठाऊक.”

“रडत होते फोनवर,” मामी हळूच म्हणाली. “हात तुटला तेव्हा रडले नाहीत.”

मामानं घड्याळावरची नजर काढून भाच्याकडे वळवली. “तुला त्यातलं कळतं. तू खरं सांग, मी नाही वाईट वाटून घेणार. यंत्रानं शून्य लिहिलं ना? म्हणजे पेटी थांबल्यावर नाही हलली. मीच आधी हात घातला. ना?”

हेच विचारायला मामा अकरा दिवस थांबला होता. भाच्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कागद झाले होते, अंगठा झाला होता, सगळं मिटलं होतं. मामाला फक्त कुणा जाणकाराच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की मग त्यानं आपल्या डोळ्यांवरचा विश्वास कायमचा सोडून दिला असता आणि घड्याळाकडे बघत उरलेलं आयुष्य काढलं असतं. भाच्यानं तोंड उघडलं तेव्हा तो काय बोलणार आहे हे त्यालाही माहीत नव्हतं.

“हलली मामा,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणालात तेव्हा थांबली होती. मग सरकली.”

मामीचा घास हातातच राहिला.

“यंत्रानं शून्य लिहिलंय,” मामा म्हणाला.

“यंत्राला दिसत नव्हतं. एन्कोडर नव्हता ना. सकाळी थंड मोटरवर मी त्याला आकडे भरून दिले होते. दुपारी मोटर तापली, आकडे चुकीचे झाले. पुस्तकात लिहिलं होतं असं करू नये. मी वाचलं होतं.”

मामानं डाव्या हातानं चष्मा काढला आणि पांघरुणावर ठेवला.  मग त्याचा चेहरा असा काही उजळला की भाच्याला बघवेना. अकरा दिवसांचा वाळलेला म्हातारा क्षणभर फाउंड्रीतला मामा झाला.

“म्हणजे थांबली होती.”

“हो.”

“मी बघितलं तेव्हा थांबलेलीच होती.”

“हो मामा.”

“बघ!” मामा मामीला म्हणाला. “मी सांगत नव्हतो? थांबली होती!” मामीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती भाच्याकडे बघत होती. तिनं त्याला चौथीपासून न्हाऊमाखू घातलं होतं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या होत्या. तिनं ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसला.

“तुला कधी कळलं?” तिनं विचारलं.

“त्याच दुपारी.”

“आणि ते सरकारी साहेब आले तेव्हा?”

भाच्यानं पांघरुणावरचा चष्मा उचलून उशाशी ठेवला.

“आता तिथं कुणाचा हात आहे त्या पेटीखाली?”

त्यानं चेल्याचं नाव सांगितलं. मामी उठून उभी राहिली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. “ऊठ. किती वाजता तापते ती मोटर?”

“अडीचच्या पुढं.”

“दीड वाजलाय, सुट्टी संपलीही असेल. जा. साहेबांना सांग, त्या अधिकाऱ्यांना सांग, सगळ्यांना सांग. आणि तिथून परत इकडे येऊ नकोस.”

“घरी येऊ मग?”

“इकडे येऊ नकोस म्हटलं. घरीही नको.”

भाच्यानं मामाकडे पाहिलं. मामा काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं, पण मामाच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू विझत होता. पुस्तकात लिहिलं होतं, मी वाचलं होतं, हे त्याच्यापर्यंत आता पोचत होतं. भाच्याला हे पाहणं सोसलं नाही. तो बाहेर आला.

व्हरांड्यात त्यानं आधी क्रेनवाल्याला फोन लावला. “पेटी जमिनीवर ठेव. आता, या क्षणी. कुणाचाही हात आत जाऊ देऊ नको.”

“का रे? साहेब ओरडतील.”

“साहेबांना मी येऊन सांगतो. नऊ सेकंद तू बघत राहिला नव्हतास. तू लगेच बटण दाबलंस, मला माहीत आहे.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मागं साखळी खडखडत खाली उतरत असल्याचा. पेटी टेकल्याचं ऐकू येईपर्यंत भाच्यानं फोन कानाला धरून ठेवला.

तो जिन्याकडे वळला तेव्हा वॉर्डातून मामाचा आवाज आला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलत होता, फाउंड्रीतल्या खडखडाटात बोलायच्या सवयीनं मोठ्यानं.

“डोळा शाबूत आहे हो माझा! पेटीच सरकली होती. उगाच नाही सांगत, माझ्या भाच्यानं सांगितलं. इंजिनिअर आहे तो. मीच शिकवलंय त्याला.”

मग आवाज मधेच तुटला, आणि मामी “बास, बास आता” असं म्हणत राहिली. भाचा कठड्याला धरून जिना उतरायला लागला.